पिशवीत गाठ निघाली तर: फायब्रॉइड सांभाळायचं कसं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फायब्रॉइड' हा शब्द दिसला की घरात दोन प्रश्न उभे राहतात: कॅन्सर तर नाही ना, आणि पिशवी काढावी लागणार का? पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असंच असतं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढलेली गाठ. फायब्रॉइड समजून काढलेल्या हजार गाठींत एखाद-दुसरी कॅन्सरची निघू शकते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नुसत्या रिपोर्टवरून कुणीच देऊ शकत नाही. दर महिन्याला किती रक्त जातं, हिमोग्लोबिन किती आहे, गाठ कुठल्या थरात आहे, अजून मूल हवं आहे का आणि पाळी जायला साधारण किती वर्षं उरलीत, या पाच गोष्टी समोर ठेवल्याशिवाय तो निर्णय होत नाही. त्यातल्या पहिल्या दोन तर तुमच्याच हातात आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

काहीच त्रास नसेल, गाठ दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडली असेल, तर सहसा काही करावं लागत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, एवढंच. पाळी गेली की या गाठी बहुतेक वेळा आपोआप आकसतात, कारण त्या स्त्री-संप्रेरकांवर वाढतात.

रक्त मोजा

'लई जातंय' एवढ्यावर डॉक्टरांना अंदाज येत नाही. एकीचं 'लई' दुसरीला नेहमीचं वाटतं आणि आईलाही तसंच जात असेल तर ते घराण्यातच आहे म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून आकडा हवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात पाळीचाही लिहा. पद्धत सोपी आहे आणि जगभर वापरली जाते.

प्रत्येक पॅड बदलताना पाहा. थोडासाच डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजलं असेल तर ५, पूर्ण भिजलं असेल तर २०. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान गुठळी असेल तर १, त्याहून मोठी असेल तर ५. पाळी संपली की बेरीज करा. बेरीज १००च्या वर गेली तर साधारण ८० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं असं धरतात, आणि वैद्यकीय भाषेत तो जास्त रक्तस्राव झाला.

उदाहरणच घ्या. पहिल्या दिवशी तीन मध्यम पॅड, म्हणजे १५. दुसऱ्या दिवशी चार पूर्ण भिजलेले, एक मध्यम आणि दोन मोठ्या गुठळ्या: ८० अधिक ५ अधिक १०, झाले ९५. तिसऱ्या दिवशी दोन पूर्ण आणि तीन मध्यम, म्हणजे ५५. चौथ्या दिवशी तीन मध्यम, १५. पाचव्या दिवशी तीन हलके, ३. एकूण १८३. आता हा आकडा घेऊन गेलात की बोलणं सरळ मुद्द्यावर येतं, आणि औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तो १८३वरून ९०वर आला की नाही हेही कळतं. औषध लागू पडतंय का हे मनाच्या अंदाजापेक्षा या बेरजेवरून नीट समजतं.

चूक होते ती दोन ठिकाणी. घरचं कापड वापरत असाल तर हे गुण तंतोतंत लागू पडत नाहीत, कारण ते पॅडवर बसवलेले आहेत. अशा वेळी निदान दोन महिने तरी मोजणीसाठी पॅड वापरा. आणि गाठीमुळे रक्त धबाबा येतं म्हणून एकावर एक दोन पॅड लावत असाल तर दोन्ही मोजा. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांचं काम आणखी सोपं आहे: बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात, ओतण्याआधी वाचायच्या आणि लिहायच्या. गाठ खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ असेल तर कप नीट बसत नाही आणि गळतो. तो दोष तुमच्या हाताचा नसतो.

मोजणी बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठायचा तो असा: लागोपाठ दोन तास तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, पोटात अचानक असह्य कळ येते, लघवी तुंबते, किंवा पाळी चुकलेली असताना दुखून रक्त जायला लागतं. शेवटच्या बाबतीत गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, ते गाठीचं म्हणून अंगावर काढू नका. कोल्हापूर शहरात असाल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. आजरा, चंदगड, गगनबावडा अशा लांबच्या तालुक्यांतल्या बायकांनी मात्र तासांचा हिशेब करत बसू नये. पोचायलाच वेळ जातो, म्हणून पहिल्या तासातच निघावं. आणि पावसाळ्याचं एक: पंचगंगेचं पाणी चढलं की रस्ते बंद होतात, २०१९ आणि २०२१ला ते सगळ्यांनी पाहिलंय. जुलै उजाडायच्या आत दोन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात.

लोह: खाण्याने का भागत नाही

बायका वर्षानुवर्षं गूळ-शेंगदाणे खातात आणि हिमोग्लोबिन आठवरच राहतं. आपला गूळ उत्तमच, पण हिशेब पाहा. हिमोग्लोबिन १२ असताना २०० मिलिलिटर रक्त गेलं तर त्याबरोबर सुमारे ८० मिलिग्रॅम लोह जातं. अन्नातून अंगात शोषलं जाणारं लोह दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं शरीराच्या रोजच्या झिजेतच संपतं. म्हणजे महिन्याला तूट ठरलेलीच. ती तूट गुळाने, बिटाने किंवा खजुराने भरून निघत नाही. गोळी किंवा शिरेतून लोह लागतं.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ हवं. ११ ते १२ मधलं सौम्य, ८ ते ११ मध्यम, ८च्या खाली तीव्र रक्तक्षय. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिनही तपासून घ्या. ते शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप आहे. हिमोग्लोबिन १२ असूनही फेरिटिन ३०च्या खाली असेल तर साठा संपत आलाय. दमछाक, केस गळणं, पाय वळवळणं यांचं कारण तिथे सापडतं. त्याच रक्तात थायरॉइडची टीएसएचही करावी, कारण थायरॉइड बिघडलं की पाळी जास्त जाऊ शकते आणि दोष उगाच गाठीच्या माथी येतो.

गोळी घेताना पाकिटावर मोठ्या अक्षरातला आकडा पाहू नका, 'एलिमेंटल आयर्न' किती ते पाहा. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी त्यात प्रत्यक्ष लोह ६५च्या आसपास असतं. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती फुकट मिळते म्हणून कमअस्सल नाही.

रिकाम्या पोटी, सकाळी, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी नको. सकाळी उठल्या उठल्या चहा घेणाऱ्या घरात इथेच सगळं फसतं: गोळी रोज घेतली जाते आणि चहा तिला अडवतो. सकाळ जमत नसेल तर रात्री जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, झोपताना घ्या. मळमळत असेल किंवा पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतल्याने फार काही बिघडत नाही. एक गोळी घेतल्यावर पुढचा दिवसभर शरीर लोह कमीच शोषतं, त्यामुळे दिवसाआडच्या गोळीतलं लोह चांगलं लागतं. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तोच क्रम ठेवा. शौचाला काळं होणारच, घाबरू नये.

महिन्याभरात एक ते दोन ग्रॅमची वाढ दिसायला हवी. १२ झालं की गोळी बंद करायची नाही, आणखी तीन महिने घ्यायची. साठा तेव्हा भरतो. बहुतेक जणी इथेच सोडतात आणि दिवाळीपर्यंत परत नऊवर येतात. गोळी सोसतच नसेल, ऑपरेशन जवळ आलं असेल किंवा हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल तर शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज साधारण २०० मिलिग्रॅमच्या हप्त्यांनी देतात, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत. हे दवाखान्यातच घ्यायचं, कारण क्वचित ॲलर्जी होते.

खाण्याला किंमत नाही असं नाही, ते गोळीला हात देतं. मटणातलं आणि विशेषतः काळजातलं लोह डाळी-भाज्यांपेक्षा जास्त लागतं. मटकीची उसळ, चवळी, हरभरे, अहळीव, पालेभाज्या यांच्यावर लिंबू पिळलं की शोषण वाढतं. मिसळीवर लिंबू घेतोच आपण, फक्त त्यावर लगेच चहा नको. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पौष्टिक आहे, पण त्यात लोह नसल्यासारखंच, आणि गोळीबरोबर तर मुळीच नको.

रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ही पहिली पायरी. ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत, चार-पाच दिवस; रक्त निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतं. ती गाठ लहान करत नाही आणि पाळीही थांबवत नाही. रक्त सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी चालू करायची. तिसऱ्या दिवशी, सगळं वाहून गेल्यावर घेतली तर उपयोग थोडा. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, पक्षाघात झाला असेल तर ही गोळी चालत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलते. दुकानातून शेजारणीच्या चिठ्ठीवर आणायची ही गोळी नव्हे.

मेफेनॅमिक ॲसिड दुखण्यावर चांगलं, रक्तावर त्याचा परिणाम बेताचा. जेवूनच घ्यायचं, ॲसिडिटीचा जुना त्रास, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगायचं. दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात.

नवरात्रात, घरच्या पूजेला, लग्नाला पाळी पुढे ढकलायची गोळी घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम तीन वेळा. गाठ असलेल्या बाईने ती स्वतःहून घेऊ नये. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्त सुरू होतं, काहींना ते जोरात येतं; त्या वेळी घाबरून ट्रॅनेक्झॅमिकही घेतली जाते आणि दोन्हीने मिळून रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. देवदर्शनाची तारीख आधी ठाऊक असते, तेव्हा महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, म्हणजे संप्रेरकाची तांबी पिशवीत बसवतात. तिला नेहमीची कॉपर-टी समजून नको म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. कॉपर-टीने रक्त वाढतं, हिने खूप कमी होतं आणि किमान पाच वर्षं चालते. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात. हे आधी माहीत नसल्याने कित्येक जणी दुसऱ्याच महिन्यात काढून घेतात. गाठीने आतली पोकळी वेडीवाकडी केली असेल तर ती निसटून बाहेर येऊ शकते, म्हणून बसवण्याआधी सोनोग्राफीत पोकळीचा आकार पाहावा लागतो.

महिन्याला एक अशी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं गाठ लहान करतात, पण थांबवली की ती परत वाढते. शिवाय हाडं विरळ होतात. ऑपरेशनच्या आधी तीन महिने रक्त भरून काढण्यासाठी ती उपयोगी आहेत, कायमचा इलाज म्हणून नाहीत. 'गाठ विरघळवणाऱ्या' काढ्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: गाठ विरघळते याचा भक्कम पुरावा नाही, आणि लेबल नसलेल्या भस्मांत शिसं-पारा असू शकतो. घ्यायचंच असेल तर पदवीधर वैद्यांकडून, आणि लोहाची गोळी न थांबवता.

रिपोर्ट कसा वाचायचा

सोनोग्राफी पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात करा, तेव्हा आतलं अस्तर पातळ असतं आणि पोकळीतली गाठ स्पष्ट दिसते. पोटावरून करायची असेल तर तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी रोखायची. आतून करायची असेल तर लघवी करून जायचं.

रिपोर्टवर आकाराआधी जागा शोधा. 'सबम्युकोझल' म्हणजे पोकळीत डोकावणारी. ही दोन सेंटिमीटरची असली तरी रक्त फार जातं आणि गर्भ रुजायला अडथळा होतो. 'इंट्राम्युरल' भिंतीतली, मोठी झाली की रक्त आणि दुखणं दोन्ही. 'सबसिरोझल' बाहेरच्या अंगाची. सहा सेंटिमीटरची असून पाळी अगदी नियमित असू शकते, फक्त लघवीला सारखं जावं लागतं. म्हणून 'सहा सेंटिमीटरची आहे, काढायलाच हवी' हे वाक्य ऐकलं की 'कुठे आहे?' हा प्रश्न विचारा. नुसतं 'बल्की युटेरस', म्हणजे पिशवी जरा मोठी, असं लिहिलेलं असेल तर तो आजार नव्हे. सहा महिन्यांत ४.१ची ४.५ झाली तर ती वाढच असेल असं नाही, मोजण्यातलाही फरक असतो; शक्यतो त्याच केंद्रात तपासणी करा. गाठ फार मोठी असेल तर मूत्रपिंडांना सूज आली आहे का तेही बघून घ्या.

पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला सांगतील. तो टाळू नका.

रोजचं

मूत्राशय दाबलं जात असेल तर लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करा, राहिलेली निघून जाते. पाणी कमी पिऊन काही साधत नाही, बद्धकोष्ठता वाढते. लोहाच्या गोळीने ती आधीच असते. रात्री इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यात. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी १५-२० मिनिटं. रंकाळा तलावावर चालायला जरूर जा, गाठ त्याने वाढत नाही. वजन आणि रक्तदाब आटोक्यात राहिले तर पुढे ऑपरेशन लागलंच तरी ते सोपं जातं.

गरोदरपणी गाठ सापडली तर बहुतेकींना काही होत नाही. मधल्या महिन्यांत गाठीत एकदम कळा येऊ शकतात. विश्रांती आणि पॅरासिटामॉल. मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका.

ऑपरेशनची वेळ आली तर

पिशवी काढणं हा अनेक मार्गांपैकी शेवटचा आहे. पोकळीतली लहान गाठ योनिमार्गाने दुर्बीण घालून काढता येते, पोटावर टाका नाही, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. मूल हवं असेल तर फक्त गाठ काढून पिशवी शाबूत ठेवतात. नव्या गाठी पुढे होऊ शकतात, आणि पुढचं बाळंतपण सिझेरियनने करायचं का हे चिरा किती खोल होता यावर ठरतं, म्हणून ऑपरेशनची नोंद जपून ठेवा. गाठीची रक्तवाहिनी बंद करण्याची पद्धतही आहे, त्याने गाठ बरीच आकसते. पुढे मूल हवं असलेल्यांना सहसा हा पहिला पर्याय म्हणून देत नाहीत. ही सोय सगळीकडे नसते, पुण्या-मुंबईला जावं लागू शकतं.

पिशवी काढणं योग्य असतंच: मूल झालेलं आहे, गोळ्या-तांबी वापरून झाली, रक्त थांबत नाही, हिमोग्लोबिन टिकत नाही. तेव्हा ते बाईला नवं आयुष्य देतं. पण 'पिशवी काढली की कटकट गेली' म्हणून पस्तिशीत काढून टाकणं वेगळं. आपल्या कारखान्यांच्या फडात जिथून ऊसतोड मजूर येतात त्या बीड जिल्ह्यात अशा ऑपरेशनांचं प्रमाण इतकं वाढलं की राज्य सरकारला २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याबाबत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निर्देश दिले. तेव्हा 'उद्याच ॲडमिट व्हा' असं कुणी म्हटलं आणि जीवघेणा रक्तस्राव नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आठवडा-दोन आठवडे नक्की मिळतात.

सही करण्याआधी हे विचारून घ्या. अंडाशय ठेवणार का? त्यात दोष नसेल आणि पाळी गेलेली नसेल तर ठेवणंच चांगलं. दोन्ही लवकर काढले तर हाडं आणि हृदय यांची किंमत मोजावी लागते. गर्भाशयाचं तोंड काढणार की ठेवणार? ठेवलं तर त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणी पुढेही करत राहायची. दुर्बिणीने काढताना गाठ तुकडे करून काढणार असाल तर ती पोटातच एका बंद बॅगेत घालून कापणार का? हिमोग्लोबिन किती असल्यावर घेणार? दहाच्या आसपास नसेल आणि घाई नसेल तर आधी लोह भरून घ्या.

खर्चाचं: सीपीआर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे स्त्रीरोग विभाग आहे. खासगी रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटा. काही ऑपरेशनं योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांतच होतात, त्यामुळे ॲडमिट होण्याआधी तुमचं ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का हे विचारा.

पोटावरच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे भरलेली घागर, धुण्याची बादली, गॅस सिलिंडर उचलायचा नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बाहेर टाके लहान दिसतात म्हणून लोक लवकर कामाला लागतात, आतले टाके मात्र तितकेच कच्चे असतात. थोडे डाग पडतात, ते चालतं. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वासाचं पाणी, पोटरीला सूज आणि दुखणं, पॅड भिजेल एवढं रक्त, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. काढलेली गाठ किंवा पिशवी पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे. तिचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी मागून घ्या आणि सोनोग्राफीच्या फायलीत लावा. पिशवी शाबूत असेल आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर कधीही डाग दिसला, किंवा आकसायच्या ऐवजी गाठ वाढली, तर हीच फाइल घेऊन त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.